घोट्याजवळची सुई आणि मूत्राशयाचा लगाम

मूत्राशयावरचा ताबा माणूस जन्माला येताना घेऊन येत नाही, तो शिकावा लागतो. तान्ह्या मुलाचा मूत्राशय भरला की तो आपोआप रिकामा होतो. पुढे दोन-तीन वर्षांत मेंदूच्या पुढच्या भागाची पकड हळूहळू घट्ट होत जाते आणि 'आता नको, थोड्या वेळाने' असा हुकूम द्यायला मूल शिकते. मराठीत या क्रियेला लघुशंका म्हणतात, आणि त्यातला 'शंका' हा शब्द शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही मोठा समर्पक आहे, कारण निरोगी मूत्राशय मेंदूकडे जी पाठवतो ती खरोखर शंकाच असते: ती बाजूला ठेवता येते, कामाच्या नादात विसरता येते, एसटी पुढच्या थांब्यावर पोहोचेपर्यंत लांबवता येते. ज्यांचा ताबा सुटलेला असतो त्यांच्या बाबतीत या शंकेची क्षणार्धात खात्री होते आणि मोरीपर्यंतची दहा पावलेही लांब वाटू लागतात. अशा रुग्णांसाठी जे उपचार सुचवले जातात त्यांत ॲक्युपंक्चरचा आणि त्यातूनच निघालेल्या एका विद्युत उपचाराचा समावेश आहे. मात्र सुईचे नाव निघताच पुष्कळांचे पाय मागे सरतात, आणि ही माघार भित्रेपणाची मानून तिची थट्टा करण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे.

मूत्राशय ही स्नायूंची ताणली जाणारी पिशवी असून प्रौढ माणसात तिच्यात साधारण ४०० ते ५०० मिलिलीटर लघवी मावते. दीड-दोनशे मिलिलीटरच्या सुमारास पहिली जाणीव होते. पिशवीच्या भिंतीतील स्नायू, ज्याला वैद्यकात डिट्रुसर म्हणतात, भरण्याच्या काळात सैल राहतो, आणि तोंडाशी असलेले झडपेसारखे गोल स्नायू आवळलेले राहतात. रिकामे करण्याच्या वेळी नेमके उलटे घडावे लागते, म्हणजे पिशवी आवळली पाहिजे आणि झडप सुटली पाहिजे. या उलटापालटीची सूत्रे जेथून हलतात ते मज्जातंतू प्रामुख्याने त्रिकास्थीतून, म्हणजे कमरेच्या मणक्यांखाली दोन्ही कुल्ल्यांच्या मध्ये असलेल्या तिकोनी हाडातून बाहेर पडतात, आणि त्या हाडाला दोन्ही बाजूंस असलेल्या छिद्रांपैकी दुसरे, तिसरे आणि चौथे छिद्र या कामी महत्त्वाचे असते. वरचा अंमल मेंदूच्या बुंध्यातील एका लहानशा केंद्राकडे असतो; ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक बॅरिंग्टन याने १९२५ साली मांजरांवरील प्रयोगांतून ते दाखवून दिले आणि त्याचेच नाव त्या केंद्राला मिळाले. या केंद्राला परवानगी देणारा किंवा नाकारणारा साहेब मात्र आणखी वर, कपाळामागच्या मेंदूत बसलेला असतो.

ताबा सुटण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत आणि ते एकच समजले की उपचार चुकतो. पहिल्या प्रकारात खोकताना, शिंकताना, हसताना किंवा पाण्याची घागर उचलताना पोटातला दाब वाढतो आणि ढिली पडलेली झडप तो सोसत नाही. बाळंतपणांनंतर आणि पाळी गेल्यानंतर स्त्रियांत हा प्रकार अधिक दिसतो. दुसऱ्या प्रकारात झडप ठीक असते, पण पिशवी भरायच्या आधीच अवेळी आवळू लागते, त्यामुळे अचानक आणि थोपवता न येणारी कळ येते, दिवसा वारंवार आणि रात्री उठून उठून जावे लागते. याला अतिक्रियाशील मूत्राशय म्हणतात. दोन्ही प्रकार एकाच व्यक्तीत असू शकतात. घराबाहेर पडण्याआधी पाणी न पिणे, लग्नकार्यात मोरीजवळची जागा धरून बसणे, लांबचा प्रवास टाळणे अशा युक्त्यांवर कित्येक जण वर्षानुवर्षे निभावून नेतात आणि हे वयाचेच लक्षण समजून कोणाला सांगत नाहीत.

सुईचा या प्रश्नाशी संबंध जोडला तो चिनी वैद्यकाने. दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या 'हुआंगदी नेइजिंग' या ग्रंथात नऊ प्रकारच्या सुयांचे वर्णन आहे, आणि शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाहिन्यांतून फिरते, ती अडली की रोग होतो, अशी त्यामागची कल्पना आहे. पाश्चात्त्य जगाला या विद्येचे 'ॲक्युपंक्चर' हे नाव विलेम टेन ऱ्हाइन या डच वैद्याने दिले. नागासाकीजवळच्या डच वखारीत राहून त्याने जे पाहिले ते १६८३ साली लॅटिन भाषेत प्रसिद्ध केले, आणि सुईसाठी असलेला लॅटिन शब्द व टोचण्यासाठी असलेला शब्द जोडून हे नाव बनवले. लघवीच्या तक्रारींसाठी परंपरेने जे बिंदू सांगितले आहेत त्यांतला एक आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवर, नडगीच्या हाडाच्या मागच्या कडेला येतो. त्याचे नाव सानयिनजियाओ, म्हणजे तीन यिन वाहिन्यांचा संगम. यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंड यांच्या वाहिन्या तेथे एकत्र येतात अशी समजूत आहे. दुसरे काही बिंदू पाठीमागे, थेट त्रिकास्थीवर आहेत.

'ची'च्या वाहिन्या शवविच्छेदनात कोणाला सापडलेल्या नाहीत आणि सापडण्याची चिन्हेही नाहीत, परंतु बिंदूंच्या जागा मात्र विचार करायला लावणाऱ्या आहेत. सानयिनजियाओच्या खाली टिबियल नावाचा मज्जातंतू जातो, आणि या मज्जातंतूचे धागे कमरेच्या चौथ्या मुळापासून त्रिकास्थीच्या तिसऱ्या मुळापर्यंतच्या मुळांतून येतात. म्हणजे तळपायाची जाणीव वर नेणारी आणि मूत्राशयाची सूत्रे हलवणारी वायरिंग मज्जारज्जूच्या एकाच पेटीत येऊन मिळते. त्रिकास्थीवरचा झोंगल्याओ हा बिंदू तर हाडाच्या तिसऱ्या छिद्रावरच आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एमिल तनाघो आणि रिचर्ड श्मिट यांनी त्याच छिद्रातून मज्जातंतूला तार लावून मूत्राशयाला शिस्त लावण्याचे तंत्र विकसित केले, आणि त्या उपकरणाला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. ते करताना चिनी नकाशा समोर ठेवलेला नव्हता. जुन्या वैद्यांनी कारण चुकीचे सांगितले पण जागा पुष्कळ अंशी बरोबर धरली, असे येथे म्हणावे लागते, आणि वैद्यकाच्या इतिहासात हे काही एकदाच घडलेले नाही.

घोट्याच्या बाबतीत मात्र चिनी नकाशाचे ऋण उघड मान्य केले गेले. एडवर्ड मॅक्ग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली घोट्याजवळ त्वचेवर इलेक्ट्रोड चिकटवून टिबियल मज्जातंतूला विजेचे सौम्य स्पंदन दिले, आणि ही जागा ॲक्युपंक्चरवरून घेतल्याचे नमूद केले. पुढे १९९० च्या दशकात मार्शल स्टोलर यांनी त्वचेवरच्या इलेक्ट्रोडऐवजी बारीक सुई वापरून त्याला आजचे रूप दिले. या उपचारात रुग्ण खुर्चीत पाय उंचावून बसतो. आतल्या घोट्याच्या वर सुमारे पाच सेंटिमीटरवर ३४ गेजची, म्हणजे घोड्याच्या शेपटीच्या केसासारखी बारीक सुई तिरकी आत सरकवली जाते, त्याच पायाच्या टाचेजवळ एक चिकटपट्टी लावली जाते आणि मग विद्युतप्रवाह अगदी थोडा थोडा वाढवत नेतात. सुई योग्य जागी आहे की नाही याची खूण पायच देतो: अंगठा आपोआप खाली वाकतो, किंवा बोटे पंख्यासारखी फाकतात, किंवा तळव्यात मुंग्या धावल्यासारख्या वाटतात. तेथून अर्धा तास असेच बसून राहायचे, आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे. परिणाम जाणवला तर तो टिकवण्यासाठी पुढेही अधूनमधून, साधारण महिन्याकाठी एकदा, यावे लागते.

हे खरोखर उपयोगी पडते की रुग्णाला तसे वाटते, हा प्रश्न सुईच्या बाबतीत विशेष अवघड आहे, कारण औषधाच्या गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते, पण सुईऐवजी काय द्यायचे? कोनराड श्ट्राइटबर्गर या जर्मन वैद्याने १९९८ साली त्यावर एक तोड काढली. नाटकातला खंजीर जसा खुपसला की मुठीत शिरतो तशी ही बोथट सुई त्वचेला टेकताच दांड्यात सरकते, रुग्णाला टोचल्याची जाणीव होते आणि सुई मात्र आत जात नाही. अशाच लटक्या उपचाराशी तुलना करून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत अतिक्रियाशील मूत्राशयाचे २२० रुग्ण होते. तेरा आठवड्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात ५४.५ टक्क्यांनी आणि लटक्या उपचाराच्या गटात २०.९ टक्क्यांनी लक्षणीय सुधारणा सांगितली. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत: सुईचा स्वतःचा परिणाम आहे, तो नगण्य नाही, आणि तरीही दर पाच रुग्णांपैकी एकाला न टोचलेल्या सुईनेही बरे वाटले.

खोकल्याबरोबर लघवी सुटण्याच्या प्रकारासाठी चीनमधील बारा रुग्णालयांत ५०४ स्त्रियांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्रिकास्थीवरील दोन बिंदूंवर विजेची जोड देऊन सहा आठवड्यांत अठरा वेळा उपचार केले गेले. गळती मोजण्याची पद्धत साधी होती, म्हणजे पॅड लावून ठरावीक हालचाली करायच्या आणि शेवटी पॅडचे वजन करायचे. सुरुवातीला दोन्ही गटांत सरासरी १८-१९ ग्रॅम गळती होती. सहा आठवड्यांनी खऱ्या गटात ती ९.९ ग्रॅमनी आणि लटक्या गटात २.६ ग्रॅमनी घटली. घट भरीव असली तरी जवळपास निम्मी गळती उरली हेही त्यातच आले. शिवाय ही तुलना लटक्या सुईशी होती. ओटीपोटाच्या तळातील स्नायूंचे व्यायाम, जे आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडले आणि ज्यांना एक पैसाही लागत नाही, त्यांच्याशी येथे सामना लावलेला नव्हता. म्हणून 'ॲक्युपंक्चरने लघवीचा त्रास हमखास जातो' ही जाहिरात आणि 'सगळे थोतांड आहे' हा शेरा, दोन्ही पुराव्याच्या पुढे धावतात.

आता भीतीकडे वळायचे. इतर भीतींपेक्षा सुईची भीती शरीरात वेगळी वागते आणि हा वेगळेपणा समजला की तिच्याविषयीचा उपहास आपोआप गळून पडतो. साप पाहिला, उंचावरून खाली डोकावले की हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतात आणि धोका टळेपर्यंत वाढलेलेच राहतात. रक्त, जखम किंवा सुई यांच्या भीतीत आधी ते वाढतात आणि मग एकाएकी कोसळतात. मेंदूला रक्त कमी पडते, कानात गुंजन होते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खाली पडतो. हे घडवून आणणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू इच्छेच्या ताब्यात नसतो, त्यामुळे 'मन घट्ट कर' हा सल्ला येथे निरुपयोगी आहे. ही प्रवृत्ती घराण्यात उतरते असेही पुष्कळदा दिसते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या वर्गीकरणात या भीतीला स्वतंत्र उपप्रकार म्हणून जागा मिळाली आणि पुढच्याच वर्षी जेम्स हॅमिल्टन या वैद्याने, स्वतः या भीतीचा अनुभव असल्याने, किमान दहा टक्के लोकांना ती असावी असा अंदाज मांडला.

स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ऊस्त यांनी या घेरीवर जो उपाय सुचवला तो रक्तदाबाच्या गणितावरच आधारलेला आहे. हात, धड आणि पाय यांचे मोठे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, घट्ट आवळायचे, मग वीस-तीस सेकंद साध्या स्थितीवर यायचे, आणि असे पाच वेळा करायचे; स्नायू आवळल्याने रक्त वर ढकलले जाते आणि दाबाची घसरण रोखली जाते. 'अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या' हा नेहमीचा सल्ला घेरी येणाऱ्यांच्या बाबतीत उलटा पडू शकतो, ही यातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. ॲक्युपंक्चरमध्ये मात्र एक पथ्य पाळावे लागते: सुई आत असताना तोच स्नायू आवळला तर ती अडकते किंवा वाकते, म्हणून हा प्रयोग सुया टोचण्याआधी उरकावा, आणि उपचार आडवे पडूनच घ्यावेत. उपाशीपोटी जाऊ नये हे वेगळे सांगायला नको.

भीती आणि मूत्राशय यांचे नाते तर परीक्षेच्या हॉलबाहेर उभ्या राहिलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. पुस्तकी नियमाप्रमाणे धोक्याच्या वेळी शरीराने पिशवी सैल आणि झडप बंद ठेवायला हवी, आणि काहींच्या बाबतीत ते इतके कडकपणे घडते की शेजारी कोणी उभे असेल तर लघवी उतरतच नाही. पुष्कळांना मात्र त्याच वेळी घाईची कळ येते. ओटीपोटातील स्नायूंचा ताण, शरीराच्या बारीकसारीक सूचनांकडे लागलेले लक्ष आणि ताणाच्या वेळी स्रवणाऱ्या रसायनांचा बॅरिंग्टनच्या केंद्रावर होणारा परिणाम अशी तीन कारणे त्यामागे मानली जातात आणि त्यांपैकी एकटे कोणतेही पुरेसे नाही. परिणामी ज्याला कळ आवरत नाही, त्यालाच अर्धा तास सुया लावून पडून राहायचे असते, आणि 'मध्येच लागली तर?' या धास्तीने कळ अधिकच लवकर येते. ही धास्ती चिकित्सकाला आधीच सांगितली तर तिची धार बोथट होते, कारण सुई काढायला काही सेकंद लागतात आणि उठून जाण्यात उपचाराचे कसलेही नुकसान नसते.

सुयांच्या जाडीचा हिशेबही भीती कमी करणारा आहे. रक्त काढायची नेहमीची सुई सुमारे ०.८ मिलिमीटर जाड, पोकळ आणि टोकाला तिरकी छाटलेली असते, म्हणजे ती त्वचा कापतच आत जाते. ॲक्युपंक्चरची सुई भरीव, निमुळती आणि सुमारे पाव मिलिमीटर जाड असते, म्हणजे तिच्या छेदाचे क्षेत्रफळ त्या सुईच्या दहाव्या हिश्शाइतके भरते. ती टोचण्यासाठी आज जी प्लास्टिकची नळी वापरतात ती जपानमधील सुगियामा वाइची या सतराव्या शतकातील अंध वैद्याची देणगी मानली जाते. नळी त्वचेवर दाबून धरायची आणि सुईच्या वर आलेल्या टोकावर टिचकी मारायची. नळीचा दाब आणि टिचकीचा धक्का यांमुळे टोचणे जाणवतच नाही. स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूच्या दारातच वेदनेची वाट अडवतात, हा रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांचा १९६५ चा सिद्धांत या जुन्या युक्तीला चांगला लागू पडतो. आत गेल्यावर जे जाणवते त्याला चिनी परंपरेत 'देची' म्हणतात आणि रुग्ण त्याचे वर्णन जडपणा, ठणक, बधिरपणा किंवा आतून ताणल्यासारखे वाटणे असे करतात. इंजेक्शनच्या झणझणीपेक्षा ते वेगळे असते. अर्थात सगळेच बिंदू सारखे नसतात. वर उल्लेखलेल्या चिनी चाचणीत त्रिकास्थीवरच्या सुया पाच-सहा सेंटिमीटर खोल गेल्या होत्या, आणि हे ज्याला टोचायचे त्याला आधी सांगितलेच पाहिजे.

धोक्यांचा विचार करताना जर्मनीतील एक मोठी पाहणी हाताशी आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २,२९,२३० रुग्णांपैकी ८.६ टक्क्यांनी काही ना काही त्रास नोंदवला. त्यांत थोडे रक्त येणे किंवा काळेनिळे पडणे ६.१ टक्के आणि वेदना १.७ टक्के होत्या, आणि फुप्फुसाला इजा होण्याचे प्रसंग दोन होते. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे आणि पेसमेकर बसवलेले यांनी ते आधी सांगावे. गर्भवतींना सानयिनजियाओ हा बिंदू परंपरेनेच वर्ज्य आहे.

भारतात ही विद्या आली त्याची वाट सोलापूरवरून गेली नसली तरी जवळून गेली. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोलकर होते, आणि त्यांच्याबरोबर बंगालचे विजयकुमार बसू होते. कोटणीस १९४२ साली तेथेच वारले आणि व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने घराघरांत पोहोचले. बसू १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केले. महाराष्ट्रात आता या चिकित्सेसाठी स्वतंत्र कायदा आणि नोंदणी करणारी परिषद आहे, त्यामुळे चिकित्सकाची नोंदणी विचारणे आणि सुई आपल्यासमोर पाकीट फोडून काढलेली, एकदाच वापरायची आहे याची खात्री करणे, हे रुग्णाच्या हातात आहे.

ज्यांना सुई सोसवतच नाही त्यांचे दार बंद होत नाही. ओटीपोटाचे व्यायाम आणि लघवीला जाण्याच्या वेळांमधले अंतर रोज थोडे वाढवत नेण्याचा सराव हे उपचार पहिल्या पायरीचे आहेत आणि सुईचा क्रम त्यांच्या नंतर लागतो. टिबियल मज्जातंतूला त्वचेवरच्या चिकटपट्टीतूनही स्पंदन देता येते. अमेरिकेत तर २०२२ पासून घोट्याजवळ त्वचेखाली बसवायचे नाण्याएवढे उपकरणही मान्यताप्राप्त आहे, अर्थात ते बसवण्यासाठी छोटी शस्त्रक्रिया लागते. मात्र लघवीतून रक्त जात असेल, जळजळीबरोबर ताप असेल, किंवा ताबा एकाएकी सुटून पायांत अथवा मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला असेल, तर व्यायाम, सुई आणि हा लेख हे तिन्ही बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.